पुढच्या चाकाचा आवाज

दौंडला राहणारे नवनाथराव दर रविवारी आईला, कुशाबाईंना, भेटायला निमोण्याला, धाकट्या भावाकडं जायचे. त्यांची जुनी गाडी पुढून एवढी खडखडायची, की ते फाट्यावर वळले की घरी कळायचं. ते पोचेपर्यंत कुशाबाई पुढच्या खोलीत पलंगावर, धुतलेलं लुगडं नेसून, चहाचा कप घेऊन बसलेल्या असायच्या.

"आमच्या फ्लॅटमधी तिला करमत न्हाई. आन् धाकटा फुलासारखं जपतोय की," असं नवनाथराव चारचौघांत सांगायचे.

मागच्या शनिवारी गॅरेजवाल्या सम्राटनं गाडी जॅकवर घेतली आणि डावं चाक धरून हलवून बघितलं. चाक गाडीला जोडणाऱ्या लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, सगळं पार झिजलं होतं. दोन्ही बाजूंचे आर्म नवे टाकून तो म्हणाला, "साहेब, आता गाडी दारात उभी राहिली तरी कुणाला कळायचं न्हाई."

रविवारी खरंच कुणाला कळलं नाही. पुढच्या खोलीतला पलंग रिकामा होता. कुशाबाई मागं गोठ्यात, म्हशीशेजारी पोत्यावर बसून शिळी भाकरी पाण्यात भिजवत होत्या. लेकाला बघून त्याच घाबरल्या.

"आरं, आज गाडी वाजली न्हाई तुझी? मला आत न्यायचं राह्यलं बघ त्यांचं."

सोमवारी गॅरेज उघडायच्या आधीच नवनाथराव दारात उभे होते.



"सम्राट, ते जुने आर्म भंगारात न्हाई ना टाकलेस? तेच परत बसव."