मुंग्यांची रेघ

"मुंग्या अंडी घेऊन वर चालल्यात, सूनबाई. चादरी उतरव," सासरे खाटेवरून म्हणाले, आणि माझं डोकंच फिरलं.

आमची लाँड्री आहे. सासऱ्यांना अंथरुणातून उठवत नाही, पण हुकूम सुटतातच. त्यांच्या मुंग्यांपायी मी आजवर कितीदा गच्चीवरून ओल्या चादरी ओढून आणल्या, आणि पाऊस पडला भलतीकडेच. चादरींना कुबट वास लागला, गिऱ्हाइकं तुटली, बोलणी मी खाल्ली. आज तर ऊन नुसतं भाजत होतं.

"थांबा, आता तुमच्या मुंग्यांनाच उतरवते," म्हणत मी ओला फडका घेऊन स्टुलावर चढले.

मुंग्या छतापर्यंत गेल्याच नव्हत्या. दाराच्या चौकटीच्या वर त्या थांबल्या होत्या आणि पांढरी अंडी त्यांनी चारही भिंतींवर एकाच उंचीला मांडली होती, दोरी धरून आखल्यासारखी सरळ. स्टुलावर उभी असताना ती रेघ माझ्या हनुवटीशी येत होती.

मी रागाने फडका फिरवला. रेघ पुसली गेली. हात खाली घेईपर्यंत ती पुन्हा तिथेच होती.

"बघा बाबा, तुमची थेरं," म्हणत मी वळले.

गाल फुगवून, ओठ गच्च मिटून सासरे माझ्याकडे बघत होते. त्यांचे पांढरे केस उशीवरून उठून पाण्यातल्या शेवाळासारखे हळूहळू डुलत होते. पंखा बंद होता, वाऱ्याची झुळूकही नव्हती.

मी उतरायला एक पाय खाली सोडला, तेव्हा माझा पदर आपोआप वर आला आणि अंड्यांच्या रेघेशी येऊन तरंगत राहिला.