मत कुठून आलं

मतदान करून पेडणेकर मास्तर वेंगुर्ल्यातल्या इंदुमतीबाईंच्या पुस्तकांच्या दुकानात आले आणि गप्प बसून राहिले. बाईंना चुकल्याचुकल्यासारखं झालं. वीस वर्षं हा माणूस त्याच खुर्चीत बसून त्यांच्या पक्षाचे वाभाडे काढत आला होता.

"बाई, आज मी तुमच्या पक्षाला मत दिलं," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "असं कसं झालं, ते यालाच विचारलं."

त्यांनी टॅब्लेट पुढे केला. कंपन्यांचे टॅब्लेट माणसाचं मत नुसतं ओळखत. लोकांनी मिळून बनवलेला हा खुला टॅब्लेट ते कुठून आलं तेही दाखवी. पडद्यावर एक निळा ओढा उलटा वाहू लागला, वर्षांमागून वर्षं ओलांडत गेला आणि याच काउंटरपाशी, बाईंच्या बोलण्यात विरून गेला.

बाईंनी हळूच आपला तसलाच टॅब्लेट उघडला. सकाळी मास्तरांच्या पक्षाला मत देऊन आल्यापासून त्यांना तो धीर झाला नव्हता. त्यांचा ओढा कपाटांच्या सावल्यांतून वाहत मास्तरांच्या खुर्चीखाली जाऊन थांबला.

त्यांनी दोन कप चहा ओतला.

"घ्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "आता माझी बाजू तुम्ही मांडा. तुमची मी मांडते."