संथ साठ्यातला स्कॅन

“पोरी, जुना स्कॅन बघितल्याबिगर मला कापू देऊ नको हं,” मालनबाईंनी सकाळीच बजावलं होतं, आणि सिस्टर पल्लवीनं त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

बारा वाजत आले, ऑपरेशन अडीचला, आणि स्कॅनचा पत्ता नव्हता.

“स्कॅन उद्या दुपारी येतो सिस्टर, टेन्शन नक्को,” कंप्युटरवाला हर्षद जांभई देत म्हणाला. “रोज उघडतात त्या फायली इथल्या जलद डिस्कवर. वर्षभर कुणी बघितलं नाही, की दूरच्या शहरातल्या संथ साठ्यात. तिथून परत यायला दिवस लागतो.”

“मग तुमच्या जलद डिस्कवर असतं तरी काय?”

त्यानं स्क्रीन वळवली. मिशीला केकची क्रीम फासून हॉस्पिटलचे चेअरमनसाहेब बोटं चाटत होते. वाढदिवसाचा तो व्हिडिओ लॉबीतल्या टीव्हीवर दिवसभर चालायचा. पल्लवीला शिसारी आली.

खरी शिसारी मात्र नंतर आली, स्वतःची.

 

मागच्याच आठवड्यात मालनबाईंनी त्या स्कॅनची फिल्म पिशवीतून आणली होती आणि “आता सगळं कंप्युटरात असतं, मावशी” असं हसत म्हणून तिनंच ती घरी परत पाठवली होती. तिनं त्यांच्याकडून चिक्कडपल्लीच्या घराची किल्ली मागून घेतली आणि स्कूटी बाहेर काढली.