रागासकट

हेमांगीनं बाळासाठी काढलेल्या दुधाच्या बाटलीचं झाकण लाल झालं आणि कारखान्याच्या पाळणाघरातला फ्रिज उघडेना. "दुधात आईचा राग आढळला. कृपया ओतून द्या," तो गोड आवाजात म्हणाला.

"थोडं हसून परत काढ गं," पाळणाघर सांभाळणाऱ्या शेवंताबाई कुजबुजल्या. "झाकण हिरवं झालं की घेईल तो."

"हसून?" हेमांगी उसळली. "दूध काढायला मी पंधरा मिनिटं गेले, तर सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झापलं. राग येणारच! त्यानं दूध नासलंय का?"

तिनं घरून आणलेला बर्फाचा डबा उघडला. बाटलीवरच्या चिठ्ठीवर नाव, तारीख, वेळ घातली आणि खाली ठसठशीत लिहिलं : 'रागासकट'.

रांगेतल्या मागच्या चौघींच्या हातातही लाल झाकणंच होती.

"पेन दे गं इकडे," पहिली म्हणाली.