जिथून धरलं, तिथंच

मयुरीच्या पोटरीचा कुत्र्यानं लचका तोडला, तेव्हा तिच्या बापानंच, संघपालनं, जाळं टाकून ते कुत्रं धरलं. नगरपालिकेनं मोकाट कुत्री धरायचा ठेका ज्याला दिला होता, त्याच्याकडेच तो कामाला होता. गल्लीनं त्या दिवशी त्याची पाठ थोपटली.

पंधरा दिवसांनी सुपरवायझरनं तेच कुत्रं त्याच्या गाडीत चढवलं. "पिसाळलेलं नाही. नसबंदी झाली, लस झाली. आता जिथून धरलं, तिथंच सोडायचं."

"साहेब, ते माह्या दारापुढचं आहे. पोरगी अजून घराबाहेर निंगत नाही. दुसरीकडे सोडतो ना."

"फोटोत लोकेशन येतं. जागा बदलली तर ठेका जाईल, आणि त्याच्या आधी तू."

भर दुपारी गल्ली सामसूम होती. संघपालनं पिंजऱ्याची कडी काढली. कुत्रं उतरलं आणि सवयीनं त्याच्याच ओट्याखाली जाऊन बसलं. त्यानं फोटो पाठवला आणि मान वर केली. खिडकीचे गज घट्ट धरून मयुरी उभी होती.

"बाबा, बरं झालं तुमी आले!" ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "ते वापस आलं पाहा. धरा ना त्याले!"