डावी भुवई

सरांनी लाल पेन्सिल उचलली, कागदाच्या कोपऱ्यात ‘छान’ लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद परत केला. मग मान वर केली. समोर विद्यार्थी नव्हता. बायको होती.

“झालं?” तिने विचारलं.

अरे देवा! आणि तारीख कोणती, तर नव्या वर्षाची पहिली. सकाळीच शाळेत प्रत्येक शिक्षकाने आपापला संकल्प सांगितला होता. चित्रकलेचे सर उठून म्हणाले होते, “यंदा चित्र न बघता ‘छान’ लिहिणार नाही.” स्टाफरूममध्ये हशा पिकला. पिकणारच! चहा निवायच्या आत अख्ख्या वर्गाच्या वह्या तपासून मोकळा होणारा माणूस हा. पोरं तर म्हणायची, सरांपुढे कोरा कागद धरला तरी छान मिळतं. जित्याची खोड ती, एका संकल्पाने थोडीच जाणार?

तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. सर शाळेत गेले की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आरसा उभा करून बसायची. सरांनी टाकून दिलेले पेन्सिलींचे तुकडे, सरांचेच पाठकोरे कागद. आयुष्यात कधी रेघ ओढली नव्हती. कितीतरी चित्रं फाडली, आणि हे पहिलं, दाखवावंसं वाटलेलं. स्वतःचा चेहरा. ह्यांनी मनापासून लक्ष घातलं तर पुढे शिकायचं, नाहीतर पेन्सिली परत डब्यात, असं तिने पक्कं केलं होतं.

“छान तर छान,” ती कागदाची घडी घालू लागली. “भाजी छान, पडदे छान, मीही छान. ठेवून देते आता.” शेवटच्या शब्दाला तिचा आवाज कापला.

सरांना सकाळचा संकल्प आठवला. “थांब गं! दे इकडे. चष्मा कुठाय माझा?”

“कपाळावर.”

सरांनी चष्मा खाली ओढला, खुर्ची सरकवली, कागद दिव्याखाली धरला.

“खरं सांगू? रागावशील.”

“रागवायला तरी मिळू दे.”

“कान वर गेलाय.”

“गेलाय खरा.”

“मान फारच लांब झालीय.”

“असू दे. चित्रात तरी.”

“केस म्हणजे नुसता झाडू.”

ती खुदकन हसली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. सरांनाही रंग चढला. हनुवटी जमलीय म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. ओठांची छाया कशी धरायची ते त्यांनी बोटाने दाखवलं. किती दिवसांनी दोघं असे खांद्याला खांदा लावून बसले होते!

“आणि ही बघ, खरी चूक,” सर म्हणाले. “डावी भुवई मधेच तुटलीय. घाई केलीस. रेघ जोडायची राहिली.”

“नाही राहिली.”

“अगं, ही काय फट! सगळेच करतात सुरुवातीला. आण, मी जोडतो.” त्यांनी पेन्सिल टेकवली.

तिने त्यांचं मनगट धरलं. “अहो, आधी इकडे बघा.”

सरांनी बघितलं. डाव्या भुवईत, बरोबर मधे, तांदळाएवढी जागा मोकळी होती. तिथे केसच नव्हते. सर गडबडले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. फट तिथेच होती.

“कधी लागलं गं हे?” त्यांनी घाबरून विचारलं. “मला सांगायचं नाही का?”

“शाळेत असताना. सायकलवरून पडले होते.”

“म्हणजे आपल्या लग्नाच्या आधी?”

“लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे हो,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून तर सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तिची हनुवटी हलकेच धरून चेहरा दिव्याकडे वळवला.

“हलू नकोस,” ते म्हणाले. “आणखी काय काय बघायचं राहिलंय माझं?”