हाताखालचा माणूस

मंगळ्याने गोल मारला आणि हात पसरून धावत सुटला. कोच दिनानाथ सर रेषेपाशी हात पुढे करून उभे होते. मंगळ्या त्यांच्या बाजूने निघून गेला आणि मागे बाटल्यांत पाणी भरत बसलेल्या हरेशच्या गळ्यात पडला. बाकीची पोरंही तिकडेच धावली. दिनानाथांनी पुढे केलेला हात वळवून घड्याळ बघितल्यासारखं केलं.

रोह्याच्या फुटबॉल संघाचे ते मुख्य कोच होते. हरेश त्यांचा सहायक, पेणकडच्या जिते गावाजवळच्या आदिवासी वाडीतला. मिडफिल्डर म्हणून तो मुंबईत क्लबकडून खेळला, राज्याच्या संघापर्यंत पोचला. मग गुडघा गेला. क्लबने ऑपरेशनपुरती चौकशी केली आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. हरेश वाडीतल्या लोकांबरोबर वीटभट्टीवर जायला लागला, तेव्हा दिनानाथांनीच त्याला बोलावून घेतलं. एवढा नावाजलेला खेळाडू आपल्या हाताखाली आहे, याचा त्यांना तेव्हा अभिमान वाटायचा.

तो अभिमान हळूहळू ओसरला. दिनानाथ स्वतः तालुक्याबाहेर कधी खेळले नव्हते. ते फळ्यावर बाण काढून समजावायचे. पोरं माना डोलवायची आणि हळूच हरेशकडे बघायची. हरेश उठायचा, दुखरा पाय सांभाळत एकच पास देऊन दाखवायचा, आणि सगळ्यांना कळायचं. पेपरात फोटो आला की मधोमध हरेश. एकदा तर दिनानाथांचा नुसता खांदा आला होता. घरीही सुटका नव्हती. "हरेशभाऊंनी जिताडा पाठवलाय. किती जीव लावतात हो," बायको शांती म्हणाली, त्या दुपारी त्यांनी मासा बाजूला सारून नुसता डाळभात खाल्ला.

पेणच्या क्लबला कोच हवाय, असं कानावर आलं. दिनानाथांनी तिथला सेक्रेटरी अमोल याला फोन लावला आणि हरेशची तोंड भरून स्तुती केली. सराव संपल्यावर त्यांनी हरेशला बाजूला घेतलं.

"पेणला जा तू. मुख्य कोच म्हणून. मी बोललोय त्यांच्याशी."

हरेश जाळीत बॉल भरत होता. भरता भरता थांबला.

"माझं काय चुकलं काय, सर?"

"चुकायचं काय त्यात? तुझ्या भल्याचंच आहे. घराजवळ पडेल."

"तुमी सांगता तर जातो," हरेश म्हणाला आणि त्याने जाळीला गाठ मारली.

निरोपाच्या दिवशी जो तो दिनानाथांचंच कौतुक करत होता. आपला उजवा हात कोण असा दुसऱ्याला देतो? दिनानाथांनी नम्रपणे हात जोडले. बऱ्याच महिन्यांनी त्यांना शांत झोप लागली.

पुढच्या मोसमात पेणच्या मैदानावर दोन्ही संघ फायनलला समोरासमोर आले. रोहा एका गोलने जिंकलं. करंडक हातात घेऊन दिनानाथ फोटोच्या मधोमध उभे राहिले. फोटो काढून होईपर्यंत त्यांची नजर मैदानाच्या पलीकडे गेली. हरलेली पोरं हरेशभोवती चिकटून बसली होती. त्यातला एक रडत होता आणि हरेश त्याच्या बुटाची नाडी सोडत काहीतरी सांगत होता. दिनानाथांनी करंडक दुसऱ्या हातात घेतला आणि तिकडे पाठ केली.

अमोल चहा घेऊन आला.

"काय, आमचा माणूस कसा वाटतोय?" दिनानाथांनी मोठेपणाने विचारलं.

"तुमचे उपकार आहेत, सर. आज हरलो, त्याचं काय नाय. किती वर्षं आम्ही त्याच्या मागे होतो. मुख्य कोच हो म्हणून वाडीवर जाऊन विनवलं. दर वेळी नाय म्हणायचा. पडत्या काळात सरांनी हात दिला, ते हायत तोवर त्यांच्याच हाताखाली राहीन, एवढंच बोलायचा."

दिनानाथांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मग या वेळी कसा तयार झाला?"

"मी पण तेच विचारलं." अमोल हसला. "बोलला, आता मी समोर असलो की सरांना त्रास होतो. आम्हाला तर काय कळलंच नाय. सर, तब्येत बरी आहे ना तुमची?"